हे कशाचं तरी आहे, टाकू नये

आमच्या घरात सामानावरून भांडण असं कधी होत नसे. व्हायचं ते कात्री सापडत नाही यावरून, एखादं बिल भरायचं राहिलं यावरून, मुलाची वही कुठल्या तरी ढिगाखाली गेली यावरून. नाहीतर विनाकारणच कोणीतरी कोणाला तोडून बोलायचं आणि दार आपटायचं. खरं कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पायांत येत होतं. पण त्याचं नाव कोणी काढत नसे, कारण नाव काढलं की बोट अण्णांकडे जाणार. अण्णा म्हणजे माझे सासरे.

सासूबाई गेल्यावर अण्णा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांच्यामागून त्यांचं सामान आलं. "आत्ता ठेवून देऊ, मग सावकाश बघू," असं तेव्हा ठरलं. आधी त्यांची खोली भरली. मग पॅसेज अर्धा झाला, गॅलरीचं दार उघडेनासं झालं, हॉलची एक भिंत खोक्यांमागे गेली आणि सगळ्यात शेवटी डायनिंग टेबल गेलं. खोक्यांत काय नव्हतं? बंद घड्याळांचे पट्टे, कुलपं नसलेल्या किल्ल्या, किल्ल्या नसलेली कुलपं, कधीच मोडीत गेलेल्या यंत्रांची माहितीपत्रकं, वायरींची भेंडोळी, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. शिवाय वर्तमानपत्रं. त्यातही वाचायची राहिलेली वेगळी आणि कात्रणं काढायची राहिलेली वेगळी. विचारलं की एकच उत्तर यायचं, "असू दे. लागेल तेव्हा धावाधाव कराल."

पसाऱ्याचा त्रास म्हणजे धूळ, झुरळं आणि दिसायला वाईट, एवढंच बहुतेकांना वाटतं. तेवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. आमचं बिनसलं ते टेबल गेलं तेव्हापासून. चौघांनी समोरासमोर बसायची घरात ती एकच जागा होती. ती गेल्यावर नवरा लॅपटॉपपाशी जेवायला लागला, मुलगा पलंगावर, अण्णा त्यांच्या खाटेच्या कडेवर आणि मी ओट्याशी उभी राहून. कोणी कोणावर रुसलं नव्हतं. दिवसातून एकदा एकमेकांचं तोंड बघावंच लागायचं, ते फक्त बंद झालं. मुलाच्या बोलण्यातून मित्रांची नावं कधी गळाली ते मला कळलंही नाही. पुढे लक्षात आलं की तो कोणाला घरी बोलावतच नाही, म्हणून त्यालाही कोणी बोलावत नाही.

बेल वाजली की घरात सगळे गप्प. मग मी दार जेमतेम उघडून स्वतःच बाहेर जाणार आणि उंबऱ्याबाहेरच बोलणं उरकणार. येतो म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगायला माझ्याकडे सर्दी-तापाचा कायमचा साठा होता.

आणि माझं स्वतःचं म्हणाल तर कुलपात किल्ली फिरवतानाच माझे खांदे वर चढायचे. दिवसभर बाहेर हसून खेळून असणारी मी घरात शिरल्यावर पाच मिनिटांत कोणावर तरी ओरडलेली असायची. नवऱ्याला मात्र तितकं जाणवायचं नाही. तो खोक्यांना वळसा घालून जायचा, मला ती खोकी माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं. मी जरा जास्तच मनाला लावून घेते, असं त्याचं म्हणणं. पुढे सॅक्स्बी आणि रेपेटी या दोन संशोधक बाईंचा २०१० सालचा अभ्यास वाचनात आला. लॉस एंजेलिसमधल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांना त्यांनी आपलंच घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट पडलेली कामं जास्त येत होती, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सकाळपासून रात्रीपर्यंत जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं, आणि दिवस सरेल तसं त्यांचं मनही जास्त खचत होतं. नवऱ्यांमध्ये हे तितकं दिसलं नाही. एवढ्यावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये हे खरं, पण मी तो भाग नवऱ्याला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

त्याआधी एक प्रकार घडून गेला होता. अण्णा चार दिवस बहिणीकडे गेलेले असताना नवऱ्याने रजा टाकली, दोन माणसं बोलावली आणि पॅसेज, गॅलरी, हॉल रिकामा केला. संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसून जेवलो. मुलगा तर नुसताच या खोलीतून त्या खोलीत पळत होता.

अण्णा परत आले. चप्पल काढली, पॅसेजमध्ये उभे राहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. त्यानंतर घरात काहीही दिसेनासं झालं, अगदी त्यांचा चष्मासुद्धा, की ते आमच्या तोंडाकडे बघायचे. रात्री फेरफटक्याला जाताना बरोबर पिशवी न्यायला लागले आणि लोकांनी बाहेर टाकलेल्या वस्तू घेऊन यायला लागले. काही महिन्यांत होतं त्यापेक्षा जास्त झालं. बापलेकांमधलं बोलणं 'औषध घेतलं का' आणि 'हो' एवढ्यावर आलं.

मी सून. टाकायचा अधिकार मला नव्हता आणि खरं सांगायचं तर रागही नवऱ्याइतका नव्हता. त्याला त्या प्रत्येक खोक्यात आपलं बालपण दिसायचं, कारण आईवडिलांच्या घरीही हेच होतं. तो दोन वाक्यांत भडकायचा. मी निदान पाच वाक्यांपर्यंत टिकायचे. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

समुपदेशनाला यायला अण्णांनी साफ नकार दिला. "मला काय झालंय?" मग आधी आम्ही दोघंच गेलो. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते हे की हे कधीपासून आहे. म्हातारपणी अचानक सुरू झालं असेल तर आधी स्मृतिभ्रंश किंवा मेंदूचा दुसरा काही आजार नाही ना ते बघावं लागतं. अण्णांचं तसं नव्हतं, तरुणपणापासूनचं होतं. बाई म्हणाल्या, बहुतेकांचं असंच असतं, किशोरवयात सुरुवात होते आणि वयाबरोबर वाढत जातं. जोडीदार असेपर्यंत कोणीतरी मागे लागून आवर घालत असतं. तो आवर गेला की मग उघड्यावर येतं. सासूबाई आयुष्यभर हे एकटीने करत होत्या, हे मला तिथे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

याला होर्डिंग डिसऑर्डर, म्हणजे वस्तू साठवत राहण्याचा विकार, म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत त्याला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. तोवर तो सहसा ओसीडीच्याच, म्हणजे मंत्रचळाच्या, खात्यात धरला जायचा. शंभरात साधारण दोन-तीन माणसांना तो असतो. छंद म्हणून वस्तू जमवणारा त्या मांडून ठेवतो, दाखवतो; इथे माणूस वस्तू दाखवतही नाही आणि वापरतही नाही, पण तिच्यापासून वेगळं व्हायची वेळ आली की कासावीस होतो. यावर असं खास औषध नाही. सोबत नैराश्य असेल तर, आणि ते बरेचदा असतंच, त्याचं औषध देतात. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा. घरच्यांनी परस्पर साफसफाई केली तर काय होतं ते बाईंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा नवरा म्हणाला, "ते आम्हाला माहीत आहे."

तिथे त्यांनी आम्हाला फोटोंचा एक तक्ता दाखवला. स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली, प्रत्येकीचे नऊ फोटो, मोकळ्यापासून छताला टेकलेल्या ढिगापर्यंत. आपली खोली कुठल्या फोटोसारखी दिसते तो आकडा सांगायचा. चार किंवा त्याच्या वर असेल तर मदतीची गरज आहे असं धरतात. मी हॉलला पाच म्हटलं, नवऱ्याने सहा. पुढे अण्णांना दाखवला तेव्हा त्यांनी तीन म्हटलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो तीनच दिसत होता.

अण्णा तयार झाले ते झोपेच्या तक्रारीसाठी. एका रात्री बाथरूमला जाताना ते खोक्याला अडखळून भिंतीवर आपटले होते, तेव्हापासून झोप उडाली होती. बाईंनी सामानाचा विषय काढलाच नाही. खाटेपासून बाथरूमपर्यंत आणि खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत वाट मोकळी असावी, दिव्याच्या बटणापर्यंत हात पोचावा आणि हीटरजवळ कागद नसावेत, एवढंच मागितलं. टाकायचं काही नाही, सरकवायचं. अण्णांना हे पटलं. "कारखान्यातसुद्धा गँगवे मोकळाच ठेवायचा असतो," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकून बाई खुर्चीत पुढे सरकल्या. अण्णांनी उभी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण त्याचा काही संबंध असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्यानंतरचा जवळजवळ पूर्ण वेळ अण्णा बोलत होते. रात्रपाळीला मशीन अडलं की सगळे कसे स्टोअरकडे धावत. जो पार्ट कुठेच मिळत नसे तो अण्णांकडे निघे. साहेबसुद्धा म्हणत, "अण्णांकडे असेल." आमच्या घरी येऊन इतका काळ लोटला होता, आणि आम्ही त्यांच्याकडे आजवर एकही वस्तू मागितली नव्हती. लागलं काही की ऑनलाइन मागवायचो.

बाईंनी त्यांना विचारलं की स्टोअरमधला जुना माल कोण काढायचं? "मीच. दरवर्षी नॉन-मूव्हिंगची, पडून राहिलेल्या मालाची, यादी करायची आणि स्क्रॅपला पाठवायचं."

"तेव्हा त्रास व्हायचा?"

"त्रास कसला? तो काय माझा होता?"

या विषयावर २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झालाय. होर्डिंगचा त्रास असलेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून स्वतःच्या आणि परक्याच्या कागदांबद्दल ठेवायचं की फाडायचं ते ठरवायला सांगितलं. परक्या कागदांच्या वेळी मेंदूतले निर्णयाशी संबंधित भाग इतरांपेक्षा थंड होते. स्वतःच्या कागदांच्या वेळी तेच भाग भलतेच तापले. कागद म्हणजे काय, तर वर्तमानपत्रं आणि टपालाने आलेल्या जाहिराती. तसं आपली झालेली वस्तू सगळ्यांनाच मोलाची वाटते. कानमन, नेत्श आणि थेलर यांच्या १९९० सालच्या प्रयोगात ज्यांना कॉफीचे मग दिले ते विकायला जी किंमत मागत होते, ती बाकीच्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. तेही तो मग हातात पडून काही मिनिटंच झालेली असताना. अण्णांच्या वस्तू तर चाळीस-चाळीस वर्षांच्या.

तर कामाची पद्धत अशी ठरली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासभर, टायमर लावून. एका वेळी एकच खोकं. वस्तूला हात लावणार ते फक्त अण्णा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि तिची रवानगी ठेवायचं, द्यायचं किंवा टाकायचं यात करायची. ठरतच नसेल तर एका लहान डब्यात, पण तो डबा भरला की आधी तो सोडवायचा. टायमर वाजला की वस्तू हातात असली तरी थांबायचं. मी फक्त बसायचं. "हे काय ठेवताय?" असं म्हणायचं नाही, आणि "शाब्बास" असंही म्हणायचं नाही. बाईंच्या मते ही दुसरी गोष्ट जास्त अवघड असते, आणि होतीही. माणसाने रिकामं खोकं बाजूला ठेवलं की तोंडावर आनंद दिसतोच आणि समोरच्याला वाटतं, हिला सामानच जायला हवंय.

नवऱ्याला त्या तासात घरात थांबायची मनाई होती.

पहिल्या खोक्यातून एक लिफाफा निघाला. आत एक स्क्रू आणि वॉशर, आणि वर अण्णांच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं, "हे कशाचं तरी आहे, टाकू नये." मला हसू आवरेना. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग लिफाफ्याकडे, आणि तेही हसले. पण तो लिफाफा टाकायला त्यांना जमेना. बोलता बोलता जे बाहेर आलं ते असं की स्क्रू गेल्याचं दुःख नव्हतं. उद्या घरातलं काहीतरी त्या स्क्रूवाचून अडलं आणि आपणच तो टाकलेला असला, तर? चूक करायची नाही म्हणून ठरवायचंच नाही, आणि ठरवायचं नाही म्हणून ठेवून द्यायचं. प्रत्येक वस्तू म्हणजे पुढे ढकललेला एक निर्णय होता, आणि त्या निर्णयांच्या ढिगात आम्ही सगळे राहत होतो.

बाईंनी एक प्रयोग दिला होता. वस्तू टाकण्याआधी ० ते १०० मध्ये सांगायचं की टाकल्यावर किती त्रास होईल, आणि मग टाकून दुसऱ्या दिवशी व आठवड्याने पुन्हा आकडा लिहायचा. अण्णांना वही आणि रकाने मिळाले म्हणजे ते खूश. स्क्रूला त्यांनी ८० लिहिले. दुसऱ्या दिवशी ५०. आठवड्याने मी विचारलं तर म्हणाले, "कुठला स्क्रू?" मग आठवल्यावर जरा वेळ गप्प बसले आणि रकान्यात १० लिहिले. सगळ्याच वस्तूंचं असं झालं नाही. छत्रीची एक मूठ होती, तिचा आकडा चढतच गेला. ती आम्ही पिशवीतून परत काढली, कारण तेव्हा द्यायची पिशवी घरातच होती. बाई म्हणाल्या, एक मूठ ठेवली म्हणून काही बिघडत नाही, वही चालू राहू द्या.

खरा फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. मुलाच्या चष्म्याचा बारीक स्क्रू पडला. मी त्याला म्हटलं, आजोबांना विचार. अण्णा तडफेने उठले, खोलीत गेले आणि तासभर शोधत राहिले. त्यांच्याकडे तो होता, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. सापडला नाही. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आणि मला वाटलं, झालं, आता सगळं बंद पडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून म्हणाले, "स्टॉक आहे, पण बिन कार्ड नाही, काय कुठे आहे त्याची नोंदच नाही. असलं स्टोअर मी चालवलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं."

तिथून ते मोठ्याने बोलण्याची भाषाच बदलली. हातातली वस्तू बघून म्हणायचे, "नॉन-मूव्हिंग. काढा." हे त्यांना दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलल्यासारखं वाटत असणार, आणि त्यामुळे सोपं जात असणार, असा माझा अंदाज. एका कपाटात त्यांनी खरोखरीचं स्टोअर केलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. आम्हीही मागायला लागलो, स्क्रू, फ्यूज, सुतळी, सेल. अर्ध्या वेळा ते देऊ शकतात. उरलेल्या अर्ध्या वेळा "मागवून घ्या" म्हणतात, आणि हे त्यांच्या तोंडून ऐकायला मला अजून विचित्र वाटतं.

सासूबाईंच्या आजारपणाची फाईल मात्र त्यात येत नाही. रिपोर्ट, एक्स-रे, आणि कुठली गोळी कधी दिली याचा अण्णांनी ठेवलेला तक्ता, वेळेवर टिकमार्क केलेला, शेवटच्या दिवसापर्यंत. ती एकदा उघडली, तीन-चार पानं उलटली आणि टायमर बंद करून ठेवून दिली. आकडा विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती फाईल स्टोअरमध्ये नाही, त्यांच्या कपड्यांच्या कपाटात आहे, आणि तिथेच राहील.

आता घर कसं आहे म्हणाल तर नीटनेटकं अजिबात नाही. अण्णांची खोली त्या तक्त्यावर साडेचार-पाच असेल, हॉल दोन. गॅलरीचं दार पूर्ण उघडतं. टेबलाचा एक कोपरा अण्णांनी वर्तमानपत्रांसाठी मागून घेतलाय आणि तो कोपरा हळूहळू सरकतो, मग मी बोलते, मग ते उचलतात. रात्रीच्या फेरफटक्याची पिशवी सुटली नाही. एक आणायचं तर एक काढायचं, असा करार आहे आणि तो अधूनमधून मोडतो. मध्यंतरी ते आजारी पडले तेव्हा काही आठवडे काम बंद होतं आणि पॅसेजमध्ये पुन्हा खोकी दिसायला लागली होती. माझे खांदे पुन्हा वर. पण या वेळी मी सरळ म्हटलं, "अण्णा, ही खोकी बघून मला धडधडतं." पूर्वी हे वाक्य उच्चारणं म्हणजे त्यांच्यावर आरोप झाला असता. ते म्हणाले, "मलाही."

मुलाचा मित्र येतो एक. तो थेट अण्णांच्या स्टोअरपाशीच जातो.

नवऱ्याचं सांगायचं राहिलंच. ही खोड घराण्यात उतरते. ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यातले जवळपास निम्मे लोक आपल्या एखाद्या नातेवाइकालाही तो असल्याचं सांगतात. आमच्या पलंगाखालच्या कप्प्यात माझ्या नवऱ्याने आजवर घेतलेल्या प्रत्येक मोबाईलचं, हेडफोनचं आणि घड्याळाचं खोकं आहे, कारण पुढे विकायचं झालं तर खोकं असलेलं बरं. विकलं एकही नाही. परवा अण्णा सुतळी शोधत तिथे पोचले. सगळी खोकी एकेक उघडून बघितली, सगळी रिकामी. मग त्यांनी नातवाला हाक मारली. "तुझ्या बाबाला बोलव," म्हणाले, "आणि टायमर लाव."